संकर, ठिगळ की वेगळीच जात? हायब्रिड ओसी बनवताना आधी हे ठरवा

मी पहिला ओसी बनवला तेव्हा त्यात कोल्हा होता, हरीण होतं, ड्रॅगनची शेपटी होती, फुलपाखराचे पंख होते आणि कपाळावर मधोमध एक शिंग, कारण शिंग भारी दिसतं. (ओसी म्हणजे ओरिजिनल कॅरेक्टर, आपण स्वतः घडवलेलं पात्र. बऱ्याच जणांना माहीत असेल पण अगदीच नवीन असाल तर म्हणून सांगितलं.) चित्र झकास आलेलं. मग एका मैत्रिणीने सहज विचारलं की ही नक्की कोण आहे, हिचे आईवडील कोल्हे होते का हरणं, हिच्यासारख्या अजून असतात का, आणि ही खाते काय? मी म्हटलं, हायब्रिड आहे गं. ती म्हणाली, हो पण कसली हायब्रिड?

त्या "कसली"चं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि नंतर बघितलं तर बऱ्याच नवीन लोकांकडे नसतं, कारण आपण सगळे सुरुवातीला अवयव मोजतो, म्हणजे कान कोल्ह्याचे म्हणून तीस टक्के कोल्हा, पाय हरणाचे म्हणून चाळीस टक्के हरीण, असं काहीतरी. हे गणित कशाच्याच कामाचं नाही. प्लॅटिपस बघा ना, बदकासारखी चोच, बीव्हरसारखी चपटी शेपटी, अंगावर लव, अंडी घालतो आणि पिल्लांना दूधही पाजतो, शिवाय नराच्या मागच्या पायाला विषारी काटा. १७९९ साली जॉर्ज शॉ यांनी त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन लिहिलं तेव्हा कुणीतरी जोडाजोड करून फसवतंय की काय अशी शंका त्यांना स्वतःलाच होती. आणि हा प्राणी हायब्रिड आहे का? अजिबात नाही. त्याचे आईवडील प्लॅटिपस, आजीआजोबा प्लॅटिपस. दिसायला कितीही जोडाजोड असली तरी त्यावरून वर्गीकरण ठरत नाही, ते ठरतं तो प्राणी तसा झाला कसा यावरून. मी आता कुठलंही हायब्रिड पात्र घेतलं की पहिल्यांदा हेच विचारते आणि मग बाकीच्या निम्म्या गोष्टी आपोआप सुटतात.

पायरी १: हे असं झालं कसं?

मी पाच खण केलेत. तुमचं पात्र यातल्या एका खणात बसवा, अगदी अडलंच तर दोन खणांच्या सीमेवर ठेवा पण तसं ठेवलंय हे लिहून ठेवा.

पहिला खण संकराचा. म्हणजे खराखुरा संकर, आई एका जातीची, बाप दुसऱ्या जातीचा, आणि हे त्यांचं पोर. खेचर हे सगळ्यात ओळखीचं उदाहरण, बाप गाढव आणि आई घोडी. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३, आणि विषम आकड्यामुळे जोड्या नीट लागत नाहीत म्हणून खेचराला बहुतेक वेळा पिल्लं होत नाहीत. आता इथे नवीन लोक कुठे चुकतात सांगते. खरा संकर कधीच "पुढून घोडा, मागून गाढव" असा दिसत नाही. खेचराचे कान घोड्यापेक्षा लांब आणि गाढवापेक्षा आखूड असतात, सगळं अंगभर मिसळलेलं असतं. लायगर (बाप सिंह, आई वाघीण) घ्या, त्याच्या अंगावर फिके पट्टे असतात आणि नराला आयाळ आली तरी विरळ येते. म्हणजे तुमचं पात्र या खणातलं असेल तर कापून चिकटवल्यासारखं काढू नका, दोन्हीकडचं मिसळून मधलं काहीतरी काढा. रंग, केसांची लांबी, नाकाचा आकार, सगळं मधलं.

दुसरा खण संमिश्र जातीचा. ही दिसते दोन-तीन प्राण्यांसारखी पण असते एक स्वतंत्र जात. ग्रिफिन म्हणजे सिंहाचं धड आणि गरुडाचं डोकं-पंख, पण गोष्टींमध्ये ग्रिफिनची आई सिंहीण आणि बाप गरुड असं नसतं, ग्रिफिनची पिल्लं ग्रिफिनच. आपल्याकडचा मकर तसाच, कधी मगरीचं तोंड, कधी हत्तीची सोंड, मागे माशाची शेपटी, पण कुणी विचारत नाही की याची आई मासोळी होती का. मकर म्हणजे मकर. आणि गंमत म्हणजे हिप्पोग्रिफ हा ग्रिफिनचा नातेवाईक असून पहिल्या खणातला आहे! ग्रिफिन आणि घोडी यांचं ते पोर. आधी रोमन कवी व्हर्जिलने ग्रिफिन आणि घोड्यांची जोडी म्हणजे अशक्यातली गोष्ट म्हणून एका कवितेत वापरली होती, आणि पुढे १५१६ मध्ये इटलीच्या आरिओस्तोने आपल्या महाकाव्यात ते अशक्य पोर खरंच जन्माला घातलं. ग्रिफिन संमिश्र, हिप्पोग्रिफ संकर, एवढा फरक डोक्यात बसला की अर्धी लढाई झाली.

तिसरा खण मी ठिगळाचा म्हणते, इंग्रजीतून आलेला शब्द किमेरा. एकाच शरीरात दोन वेगळ्या प्राण्यांच्या पेशी, न मिसळता शेजारी शेजारी, गोधडीसारख्या. हे नुसतं काल्पनिक नाहीये हां, १९८४ मध्ये शास्त्रज्ञांनी मेंढी आणि शेळी यांचे अगदी सुरुवातीच्या अवस्थेतले भ्रूण एकत्र करून असे प्राणी जन्माला घातले, त्यांच्या अंगावर काही भागात लोकर आणि काही भागात शेळीचे केस अशी खरोखरची ठिगळं होती. याला चार जनक असतात, आईबापांच्या दोन जोड्या, हे पात्राच्या गोष्टीसाठी सोनं आहे पण कुणी वापरत नाही. ज्या ग्रीक राक्षसिणीवरून हा शब्द आला ती किमेरा प्राचीन ग्रीक कवी होमरच्या वर्णनात पुढून सिंह, मागून साप आणि मध्ये शेळी अशी आहे. तिची वंशावळ मात्र वेगळीच निघते, हेसिअड या दुसऱ्या ग्रीक कवीच्या काव्यात ती टायफॉन आणि एकिड्ना या राक्षसांच्या घराण्यातली आहे, म्हणजे ना सिंह ना शेळी. त्यामुळे मूळ किमेरा माझ्या खणांत धड बसत नाही. बसली नाही तर नाही, जुन्या कथांना आपली परीक्षा द्यायची नसते, आपल्या पात्राला मात्र द्यायची असते.

चौथा खण घडवलेल्यांचा. शाप, जादू, प्रयोगशाळा, सुईदोरा, काहीही. मुद्दा हा की जन्म एका रूपात झाला आणि नंतर कुणीतरी बदललं किंवा मुळात जन्मच झाला नाही, तुकडे जोडले. इथली माझी आवडती गोष्ट हॅम्बुर्गच्या हायड्राची. १७३५ मध्ये कार्ल लिनियस, तोच ज्याने प्राण्यावनस्पतींना दोन-दोन शब्दांची शास्त्रीय नावं द्यायची पद्धत रूढ केली, तो हॅम्बुर्गला गेला होता. तिथे सात डोक्यांचा एक भुसा भरलेला राक्षस मोठ्या किमतीला विकायला होता. लिनियसने बघितलं आणि सांगून टाकलं की जबडे आणि पाय वीझल नावाच्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याचे आहेत आणि वरून सापाची कातडी चिकटवलीय. किंमत कोसळली आणि मालक चिडतील म्हणून लिनियसला शहर सोडून निघून जावं लागलं. त्याच वर्षी छापलेल्या त्याच्या वर्गीकरणाच्या पुस्तकात अशा संशयास्पद प्राण्यांचा एक वेगळा खणच होता, त्यात हायड्रा, फिनिक्स, एकशिंगी घोडा वगैरे मंडळी बसवली होती. जगातला सगळ्यात प्रसिद्ध वर्गीकरणवाला माणूससुद्धा हे करत होता, तेव्हा आपण वहीत खण पाडतोय म्हणून कुणी हसलं तर हसू दे.

पाचवा खण रूप बदलणाऱ्यांचा. कधी माणूस कधी लांडगा, कधी बाई कधी नागीण. हे खरं म्हणजे हायब्रिड नसतातच, दोन रूपं आळीपाळीने असतात. मधलं अर्धवट रूप कायमचं ठेवलंत तरच इथे विचार करा, नाहीतर त्याला हायब्रिड म्हणू नका.

खण कळत नसेल तर एक सोपी चाचणी आहे, मी ती सगळ्यांना सांगत असते: पात्राला पोर झालं तर ते कसं दिसेल? संकराचं पोर, झालंच तर, दरवेळी वेगळं दिसेल, कुणी आजीवर जाईल कुणी आजोबांवर. संमिश्र जातीचं पोर आईबापांसारखंच. ठिगळवाल्याचं पोर ठिगळवालं नसतंच, ते पेशींच्या दोन गटांपैकी एकाचंच निघतं, म्हणजे मेंढीशेळीच्या ठिगळाचं कोकरू तरी नाहीतर करडू तरी. आणि घडवलेल्याचं पोर साधं, मूळ जातीचं, कारण शिवलेला पंख रक्तात उतरत नाही (शाप उतरतो का हे तुम्ही ठरवायचं, पण ठरवा). पात्राला पोरबाळ द्यायचं नसलं तरी हा प्रश्न विचाराच, दोन मिनिटांत खण सापडतो.

पायरी २: पाया कुठला आणि हातपाय किती

आता दिसण्याकडे या. जेवढे प्राणी घेतलेत त्यातला एक पाया म्हणून निवडा, बाकीचे पाहुणे. पाया म्हणजे सांगाडा, उभं राहण्याची पद्धत, धडाचा आकार. पाहुण्यांकडून पोत, रंग, डोकं, शेपटी, सवयी. दोन पाये नकोत, तिथेच चित्र फसतं.

उभं राहायची पद्धत ठरवताना या छंदातले तीन शब्द कानावर पडतील. अँथ्रो म्हणजे माणसासारखं दोन पायांवर, फेरल म्हणजे प्राण्यासारखं चार पायांवर (इथे फेरलचा अर्थ रानटी नाही, फक्त चार पायांचं) आणि टॉर म्हणजे सेंटॉरसारखं, खाली प्राण्याचं पूर्ण धड आणि वर माणसाचा कंबरेपासूनचा भाग. वर्गीकरणात हे जातीच्या शेजारी लिहा, जातीच्या जागी नाही. एकच जात गोष्टीत अँथ्रोही असू शकते आणि फेरलही.

मग हातपाय मोजा. पाठीचा कणा असलेल्या जमिनीवरच्या सगळ्या प्राण्यांचा आराखडा चार अवयवांचा आहे, पक्ष्यांचे पंख म्हणजे त्यांचे पुढचे हातच, सापांनी पाय गमावले तरी आराखडा तोच. ग्रिफिनला चार पाय अधिक दोन पंख, झाले सहा. याचा अर्थ ग्रिफिन चुकीचा असा नाही, अर्थ एवढाच की तुमच्या जगात सहा अवयवांचं एक अख्खं घराणं आहे, आणि मग त्या घराण्यात अजून कोण कोण येतं? पंखवाले घोडे? चार पायांचे ड्रॅगन? ब्रिटिश राजचिन्हांच्या परंपरेत हा भेद पक्का आहे, चार पाय आणि पंख असेल तर ड्रॅगन, दोनच पाय आणि पंख असेल तर वायव्हर्न. एवढ्या एका आकड्यावर दोन वेगळी नावं. त्यामुळे आकडा नक्की करा, पुढच्या चित्रात विसरू नका. मी विसरलेय, माझ्या एका पात्राला तिसऱ्या पानावर दोन हात जास्त आहेत आणि ते अजून तसेच आहेत.

घोड्याकुत्र्याच्या मागच्या पायाचा "उलटा गुडघा" हा गुडघा नसतो, ती टाच असते, खरा गुडघा वर पोटाजवळ. अँथ्रो पात्र काढताना हे माहीत नसेल तर पाय मोडल्यासारखा दिसतो. सेंटॉरसाठी अजून एक भानगड, घोडा दिवसाचे दहा-बारा तास किंवा त्याहून जास्त वेळ चरत असतो, आणि इथे घोड्याएवढं पोट माणसाच्या छोट्या तोंडाने भरायचंय. तुमचा सेंटॉर खातो काय हा प्रश्न वाटतो तेवढा फालतू नाहीये.

पंखांचं एक. आज उडणाऱ्या सगळ्यात जड पक्ष्यांचं वजन वीस किलोच्या आसपास थांबतं. अर्जेंटाव्हिस नावाचा नामशेष झालेला पक्षी साधारण ७० किलोचा असावा असा अंदाज आहे आणि त्याच्या पंखांचा विस्तार सहा-सात मीटर धरतात. म्हणजे माणसाच्या वजनाच्या पात्राला पाठीवर हातभर पंख लावले तर ते शोभेचे. शोभेचे असायला हरकत नाही, तसं लिहा. तरंगतं, उडत नाही. किंवा जादूने उडतं. फक्त गप्प बसू नका.

पायरी ३: प्राणी आपसात भांडतात तिथे निकाल द्या

खरं काम इथे आहे, आणि मजाही. त्यासाठी एक उदाहरण घेऊनच बोलते. समजा पाया घोरपड आणि पाहुणा घुबड. नाव तात्पुरतं घोरबड.

आता हे दोघं कशाकशावर भांडतात बघा. घोरपड दिवसा हिंडते, घुबड बहुतेक रात्री. घोरपडीला उन्हात अंग शेकावं लागतं कारण तिच्या शरीराची उष्णता बाहेरून येते, घुबड आतून गरम. घोरपड दुभंगलेली जीभ बाहेर काढून वास टिपते, घुबडाची सगळी मदार कानाडोळ्यांवर. घुबडाचे डोळे नळीसारखे लांबट आणि खोबणीत घट्ट बसलेले असतात, ते फिरवताच येत नाहीत, म्हणून बिचारं मान २७० अंशांपर्यंत वळवतं आणि त्यासाठी त्याच्या मानेत १४ मणके असतात, माणसाच्या दुप्पट. घोरपड डोळेही फिरवते आणि मानही वळवते. आणि दोघंही झाडावर चढतात पण एक नख्यांनी आणि एक उडून.

नवीन माणूस इथे सगळीकडे मधला मार्ग काढतो. दिवसा पण नाही रात्री पण नाही, संध्याकाळी हिंडते. थोडी गरम थोडी थंड. थोडं उडते. असं केलं की पात्र मिळमिळीत होतं हा माझा अनुभव आहे, कारण कुठेच काही ठाम दिसत नाही. (संकराच्या खणात मधलं काढा असं मीच वर म्हटलं, पण ते रूपाबद्दल, इथे शरीर चालतं कसं ते बोलतोय.) त्यापेक्षा प्रत्येक भांडणात एकाला जिंकवा आणि हरलेल्याची एक खूण मागे ठेवा. घोरबडमध्ये मी रात्र जिंकवली आणि आतली उष्णता जिंकवली, म्हणजे तिला ऊन लागत नाही, पण दिवसभर तापलेल्या दगडावर रात्री पोट टेकून पडायची सवय आहे, गरज नाही तरी. ही सवय एका फटक्यात पात्राला स्वभाव देऊन जाते. आतली उष्णता जिंकवली म्हणजे भूकही वाढली, कारण आतून गरम राहणाऱ्याला तेवढ्याच वजनाच्या सरड्यापेक्षा कितीतरी जास्त खावं लागतं, म्हणजे घोरबड सतत भुकेली. बघा, एका निर्णयातून दुसरा निघाला.

उडण्याचं भांडण जरा अवघड होतं. घुबड आवाज न करता उडतं त्याचं कारण पिसांच्या कडांची झालर आणि पिसांवरची मऊ लव. पंखांवर खवले आणले की ती शांतता गेली. मग मी खवले फक्त मानेपासून पाठीवरून शेपटीपर्यंत ठेवले आणि पंख पूर्ण पिसांचे. अवयव चारच, पुढचे दोन पंख, पण पंखाच्या सांध्यावर नख्या ठेवल्या म्हणजे चढताही येतं. हे मी हवेतून काढलेलं नाही, होॲटझिन नावाच्या दक्षिण अमेरिकेतल्या पक्ष्याच्या पिल्लांना पंखावर खरंच नख्या असतात आणि ती त्यांनी फांद्यांवर चढतात. अशी खरी उदाहरणं शोधायची सवय लावून घ्या, निसर्गात बहुतेक सगळं कुठेतरी आधीच करून झालेलं असतं.

तुमच्या प्राण्यांसाठी भांडणाचे मुद्दे वेगळे निघतील. शिकारी आणि शिकार एकत्र केलीत तर डोळे पुढे की बाजूला (मांजराचे पुढे, सशाचे बाजूला), शेळी घेतलीत तर बाहुली आडवी, मांजर घेतलंत तर उभी चीर. खाण्याचं विसरू नका. मांजराला गोड चव कळतच नाही, त्यासाठी लागणारं जनुक तिच्यात निकामी आहे, आणि पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही. पक्षी आणि मांजर यांचं मिश्रण असलेलं पात्र जेवायला बसलं की काय होईल याच्यावर एक अख्खं पान निघतं.

शिवणीबद्दल थोडक्यात. दोन पोत जिथे भेटतात तिथे सरळ रेषा नको, जोपर्यंत पात्र ठिगळाच्या किंवा घडवलेल्यांच्या खणातलं नाही तोपर्यंत. संकर आणि संमिश्र जातीत खवले आधी बारीक होतात, मग मध्ये मध्ये पिसं दिसायला लागतात, मग फक्त पिसं. ठिगळात सीमा धारदार आणि वेडीवाकडी. शिवलेल्यात धारदार, सरळ आणि वण असलेली. म्हणजे खण आधी ठरवलात तर शिवण कशी काढायची तेही ठरलेलंच असतं.

पायरी ४: किती प्राणी घ्यायचे

दोन घ्या. तीन चालतात. चौथा घेताना स्वतःला विचारा की तो काढला तर कुणाच्या लक्षात येईल का.

हो, नवगुंजर आहे, मला माहितीये. सारळा दासांनी पंधराव्या शतकात लिहिलेल्या ओडिया महाभारतातला तो नऊ प्राण्यांचा, कोंबड्याचं डोकं, मोराची मान, बैलाचं वशिंड, सिंहाची कंबर, सापाची शेपटी, आणि पाय हत्तीचा एक, वाघाचा एक, एक हरणाचा किंवा घोड्याचा. पण त्याचा चौथा अवयव नीट बघा, तो माणसाचा हात आहे. अर्जुन धनुष्य उचलतो आणि तो हात बघून थांबतो, त्याला कळतं की हा श्रीकृष्णच आहे. आठ भाग थक्क करायला आणि एक भाग ओळख पटवायला. तुमच्या नऊ भागांमध्ये असा एक हात असेल तर खुशाल नऊ घ्या.

पायरी ५: टक्के, पिढ्या आणि पोरंबाळं

टक्के फक्त संकराच्या खणात लिहायचे, बाकी कुठे त्यांना अर्थ नाही. आणि तिथेही ते वंशावळीचे, दिसण्याचे नाहीत. दोन शुद्ध जातींचं पोर ही पहिली पिढी, निम्मं-निम्मं. त्याचं पोर परत एका मूळ जातीशी झालं तर पाव आणि पाऊण. हिप्पोग्रिफ निम्मा घोडा, निम्मा ग्रिफिन. त्याला "पाव गरुड, पाव सिंह" म्हणायचा मोह होतो पण ग्रिफिन ही स्वतंत्र जात धरली तर ते चूक.

पोरं होतात का हे ठरवायला एक कामाचा नियम आहे, १९२२ साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी मांडलेला. संकरात एका लिंगाची पिल्लं वांझ, दुर्मिळ किंवा गायब असतील तर बहुधा ते लिंग ज्याची लिंग-गुणसूत्रं दोन वेगळ्या प्रकारची असतात ते. सस्तन प्राण्यांत ते नर, म्हणून लायगरचा नर वांझ पण मादीला पिल्लं झालेली आहेत. पक्ष्यांत उलटं, मादीची गुणसूत्रं वेगवेगळी असतात, त्यामुळे तिथे फटका मादीला. म्हणजे दोन पक्षी-जातींच्या संकरातून आलेली राणी आणि तिला वारस नाही, पण भावाला आहे, झाली की गोष्ट सुरू.

आणि मूळ प्राणी एकमेकांपासून किती लांबचे आहेत तेही बघा. घोडा आणि गाढव यांचा सामाईक पूर्वज साधारण ४० लाख वर्षांपूर्वीचा. घोरपड आणि घुबड यांचा पंचवीस कोटी वर्षांहून जुना. असं पोर जादूशिवाय होणे नाही, म्हणून घोरबडला मी संकरात ठेवलंच नाही, संमिश्र जात केली.

पायरी ६: नाव, आणि ते शेवटीच

लोक नावापासून सुरुवात करतात आणि मग नावात अडकतात. नाव खणावरून पाडा. संकरासाठी खऱ्या जगात रूढ झालेली पद्धत म्हणजे बापाचं नाव पुढे, लायन-टायगर म्हणून लायगर, बाप वाघ असेल तर टायगॉन. शास्त्रीय लिहिताना दोन जातींच्या मध्ये गुणाकाराची फुली. ही फुली संमिश्र जातीला लावू नका, तिथे जातीला स्वतःचं नाव हवं.

मराठीत नाव पाडत असाल तर समास वापरा, आपल्याकडे हे किती सोपं आहे याची कदर नाही आपल्याला. व्याघ्रमुख म्हटलं की तोंड वाघाचं आणि बाकी माणूस हे एका शब्दात आलं. नागकन्या म्हटलं की चित्र उभं. किन्नर या शब्दाची फोडच किम् अधिक नर अशी सांगतात, म्हणजे "हा माणूस आहे का?". माझ्या मैत्रिणीचा प्रश्नच झालं की हे एका जातीचं नाव! आणि खेचर, संस्कृतात खे म्हणजे आकाशात आणि चर म्हणजे फिरणारा, पक्ष्यालाही खेचर म्हणतात. कुणीतरी पंख असलेलं खेचर काढा आणि त्याला खेचर खेचर म्हणा, मी कधीची वाट बघतेय.

एक सूचना, जात तुम्ही स्वतः घडवली असेल तर ठीक, पण दुसऱ्या कलाकाराने घडवलेली जात तुमच्या मिश्रणात घेत असाल तर आधी तिचे नियम वाचा. काही जाती ओपन असतात, कुणीही वापराव्यात. काही क्लोज्ड, म्हणजे परवानगीशिवाय किंवा विकत घेतल्याशिवाय त्या जातीचं पात्र करू नये अशी निर्मात्याची अट असते. अशा जातीचा अर्धा संकर केला तरी विचारायला हवं.

पायरी ७: कार्ड

सगळं एका छोट्या कार्डावर आणा, रेफरन्स शीटच्या (पात्र कसं दिसतं ते नीट दाखवणाऱ्या चित्राच्या पानाच्या) कोपऱ्यात मावेल एवढं. घोरबडचं माझं असं आहे:

पात्र: खवली. जात: घोरबड. खण: संमिश्र जात, आईवडील दोघंही घोरबड. पाया घोरपड, पाहुणा घुबड. फेरल. अवयव चार, पुढचे पंख, सांध्यावर नख्या. खवले मानेपासून शेपटीपर्यंत, खांद्यावर बारीक होत पिसांत मिसळतात. चोच, आत दुभंगलेली जीभ. डोळे स्थिर, मान वळते. रात्री हिंडते, आतून गरम, कायम भुकेली, तापल्या दगडावर झोपते. अंडी घालते. उडते, आवाज न करता, पण लांब नाही, शेपटी जड आहे.

आणि ती माझी पहिली कोल्हा-हरीण-ड्रॅगन-फुलपाखरू? तिला मी गेल्या वर्षी परत काढलं. पोराची चाचणी लावली तर उत्तर आलं साधं कोल्ह्याचं पिल्लू, म्हणजे ती चौथ्या खणातली निघाली, जन्माने कोल्हीण, बाकी सगळं कुणीतरी नंतर लावलेलं. मग पंखांच्या मुळाशी टाके काढले, शेपटीपाशी वण काढला, हरणाचे पाय आणि कोल्ह्याच्या मांड्या जिथे भेटतात तिथे सरळ रेघ ठेवली. शिंग काही काढवलं नाही. ते कुणी लावलं, कशासाठी लावलं, हे मला अजून सापडायचंय, कार्डावर तेवढा रकाना रिकामा आहे.